इंग्रजीच्या तासाला वाद घाला

बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या रसग्रहणाला चार गुण असतात. कवी, शीर्षक, आशय, भाषेची वैशिष्ट्ये, संदेश आणि शेवटी स्वतःचे मत, हे मुद्दे ठरलेले असल्यामुळे मुले ते गुण बऱ्यापैकी मिळवतात. त्याच मुलांपुढे एखाद्या इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख ठेवा आणि विचारा, 'तुम्हाला पटावे म्हणून या माणसाने नेमके काय केले?' वर्ग गप्प होतो. अलंकार ओळखता येतो, तो तिथे का आणला हे सांगता येत नाही. स्वतःचा मुद्दा इंग्रजीत मांडा म्हटले की गाइडमधला पाठ केलेला निबंध कागदावर उतरतो.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांत इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. ज्यांना इंग्रजी बरे जमते आणि पुढे विधी, पत्रकारिता, संशोधन किंवा परदेशी शिक्षणाकडे जायचे आहे, त्या मुलांनीही ते वाचावे. आपल्या मुलांना वाद घालता येतो. ग्रामसभा, मोंढा, पारावरची बैठक ऐकतच ती मोठी झालेली असतात. इंग्रजीचे पुस्तक उघडले की हे सगळे वर्गाबाहेर ठेवायचे असते, असा त्यांचा समज मात्र आपणच करून दिला आहे. तो आधी मोडला पाहिजे.

त्यासाठी पहिले दोन तास इंग्रजी मजकूर घेऊच नका. नरसी नामदेव याच जिल्ह्यात आहे आणि गावोगावच्या सप्ताहांत कीर्तने होतात. एखाद्या कीर्तनाची दहा मिनिटे मोबाइलवर वर्गात ऐकवा आणि मुलांना चारच गोष्टी टिपायला सांगा. बुवांनी श्रोत्यांच्या मनातली शंका स्वतःच कुठे काढली? दृष्टांत कुठला दिला, आणि तो शेतातला दिला की घरातला? हसवले कुठे? हसवल्यानंतर लगेच कोणती कठीण गोष्ट सांगितली? ही निरीक्षणे मुले मराठीत भराभर सांगतात. मग त्यांना सांगा, की ॲरिस्टॉटलने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी 'ईथॉस', 'पेथॉस' आणि 'लोगॉस' अशी जी नावे दिली, ती वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद याच गोष्टींची आहेत. नावे नंतर आली तर लक्षात राहतात. आधी फळ्यावर व्याख्या लिहिल्या, की मुले प्रत्येक उताऱ्यात हे तीन शब्द कोंबत बसतात.

आता इंग्रजी मजकूर. अमेरिकन अध्यक्षांची भाषणे सहज मिळतात म्हणून अनेक जण तिथूनच सुरुवात करतात. माझा सल्ला वेगळा आहे. महाराष्ट्रातल्याच माणसाने इंग्रजीतून केलेल्या एका अव्वल युक्तिवादापासून सुरुवात करा. महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेले निवेदन इंग्रजीत आहे. ते तसे छोटेच आहे, आणि वर्गाला हव्या त्या जवळजवळ सगळ्या गोष्टी त्यात सापडतात.

पहिला प्रश्न, हे लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण? वाचणारे म्हणजे सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालचा सरकारी आयोग. लिहिणारा पदवीधर नाही, सरकारी नोकर नाही. म्हणून निवेदनाच्या सुरुवातीलाच ते आपला अनुभव सांगतात, तो पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता मर्यादित असल्याचे मोकळेपणाने कबूल करतात आणि लगेच आपण काढलेल्या मुलींच्या शाळेकडे येतात. ही कबुली का दिली, हे मुलांना विचारा. आपला अनुभव कुठवर आहे हे जो आधीच सांगतो, त्याचे पुढचे बोलणे आयोगाला जास्त भरवशाचे वाटते. निवेदनाखाली सही करताना फुल्यांनी स्वतःला व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर म्हटले आहे. यातला 'शेतकरी' काढून टाकला तर पुढचा युक्तिवाद किती लंगडा पडेल, यावर अर्धा तास सहज चर्चा होते.

तो युक्तिवाद असा. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरच्या खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, तेव्हा प्राथमिक शिक्षणावर रयतेचा हक्क आहे. इथे मुलांना थांबवा. फुल्यांनी आयोगाची दया मागितली का? नाही. त्यांनी हिशेब मागितला. समोर बसलेले प्रशासक होते आणि प्रशासकाला जमाखर्चाची भाषा कळते. पुढे ते वरच्या वर्गाला शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या त्या काळच्या धोरणावर प्रश्नांची सरबत्ती करतात. आणि मागणीपाशी येतात तेव्हा भाषा एकदम नेमकी होते. प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, असा आकडाच ते देतात.

या निवेदनावर मुले पहिल्यांदा जे लिहितील ते बहुधा असे असेल: 'फुल्यांनी अनेक प्रश्न विचारले आहेत, त्यामुळे लेखन प्रभावी झाले आहे.' हे वाक्य कोणत्याही लेखकाबद्दल लिहिता येते, म्हणून ते निकामी. मुलाला विचारा, प्रश्न कोणाला विचारला? ज्याला विचारला त्याच्याकडे उत्तर होते का? मग तोच मुलगा लिहितो, की ज्ञान झिरपल्याचे उदाहरण आयोगाला दाखवता येणार नाही हे फुल्यांना ठाऊक होते, म्हणून विधान करण्याऐवजी त्यांनी प्रश्न विचारला, आणि आयोगाचे मौन हीच कबुली ठरली. हे विश्लेषण झाले. युक्ती, तिचा वाचक आणि त्या वाचकावर होणारा परिणाम या तिन्ही गोष्टी एका वाक्यात आल्या की उत्तर पुरे समजावे.

परिच्छेद काय 'सांगतो' हे सारांशात येते, विश्लेषणात तो काय 'करतो' हे हवे. म्हणून प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एकच क्रियापद लिहायची सवय लावा. लेखक इथे मान्य करतो, इथे बजावतो, इथे तुलना करतो, इथे आरोप परतवतो. इंग्रजीत 'कन्सीड्स', 'वॉर्न्स', 'कॉन्ट्रास्ट्स', 'रिफ्यूट्स' अशी वीसेक क्रियापदे भिंतीवर लावून ठेवा. 'द ऑथर सेज' हे शब्द महिनाभर बंद. भाषा आपोआप सुधारते, कारण नेमके क्रियापद शोधायला मजकूर पुन्हा वाचावाच लागतो.

दुसरा मजकूर म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे संविधान सभेतले २५ नोव्हेंबर १९४९चे भाषण घ्यावे. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारले जाणार होते. टाळ्यांच्या त्या वातावरणात आंबेडकर आधी श्रेय वाटतात. बी. एन. राव, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी, काँग्रेस पक्षाची शिस्त, इतकेच काय, सभागृहात सतत विरोध करणारे सदस्यही त्यात येतात. इशारे येतात ते त्यानंतर: आंदोलनाचे असंवैधानिक मार्ग सोडा, व्यक्तिपूजा टाळा, राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीची जोड द्या. पूर्ण भाषण लांब आहे, तेव्हा श्रेयाचा आणि शेवटचा इशाऱ्यांचा भाग तेवढा वर्गात घ्या आणि एकच प्रश्न विचारा, 'क्रम उलटा केला असता तर?' इशारे आधी आणि आभार नंतर आले असते तर सभागृहाने ते कसे ऐकले असते? रचना हाही युक्तिवादाचाच भाग असतो, हे या एका प्रश्नातून कळते.

वर्गातल्या चार-पाच फार पुढच्या मुलांसाठी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' आहे. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी १९३६ साली तयार केलेले हे भाषण झालेच नाही. आंबेडकरांनी ते स्वतः छापले, गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले आणि आंबेडकरांनी १९३७च्या आवृत्तीत त्याला उत्तर जोडले. मांडणी, आक्षेप आणि प्रत्युत्तर असा पूर्ण वाद, तोही दोन मोठ्या माणसांमधला, मुळात इंग्रजीतच उपलब्ध आहे. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेल्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो सापडतो. विषय वर्गात तापेल अशी काहींना भीती वाटते. तापू द्यावा, पण अट घालावी: जे बोलायचे ते समोरच्या पानावरच्या ओळीवर बोट ठेवून.

आता लिहिण्याकडे. इथे पहिला अडथळा विषयाचा असतो. 'झाडे वाचवा', 'मोबाइल शाप की वरदान', 'महिला सबलीकरण' यांवर मुद्दा मांडायला जागाच उरलेली नाही. झाडे तोडावीत असे कोण म्हणणार? विधान निवडताना कसोटी एकच ठेवा: आपल्याच गावातला एखादा शहाणा माणूस याच्या विरुद्ध बोलू शकेल का? शकणार नसेल तर विषय बदला.

हळदीचे उदाहरण घेऊ. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळदीची मोठी उलाढाल होते आणि वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी हळद असू शकते. विधान असे: 'छोट्या शेतकऱ्याने काढणीनंतर लगेच हळद विकू नये, गोदामात ठेवून तारण कर्ज घ्यावे.' मुले लगेच दोन बाजूंना जातात. पुरावा आणायला सांगा. बाजार समितीचे दर उपलब्ध असतात, राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे, घरी आजोबा आहेत आणि अडत्याही ओळखीचा आहे. प्रत्येक मुलाने पुराव्यापुढे तो कुठून आला ते लिहायचे. 'असे म्हणतात' ही नोंद चालणार नाही.

पुरावा आणि विधान यांच्यामध्ये एक न बोललेले गृहीतक दडलेले असते. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८च्या 'द युजेस ऑफ आर्ग्युमेंट' या पुस्तकात त्याला 'वॉरंट' म्हटले. आपल्या उदाहरणात पुरावा 'काढणीच्या काळात आवक वाढते आणि भाव दबतो' हा असेल, तर गृहीतक 'शेतकऱ्याला थांबणे परवडते' हे आहे. ते खरे आहे का? मार्चअखेर पीककर्ज भरायचे असते. मजुरी, शिजवणी आणि पॉलिशचा खर्च उभा असतो. घरात लग्न असू शकते. मुलाने हे गृहीतक ओळखले की त्याचे विधान आपोआप नेमके होते: 'ज्याला पीककर्ज फेडण्याची दुसरी सोय आहे, त्याने थांबावे.' इंग्रजी निबंधात परीक्षक जी परिपक्वता शोधतो ती बहुतेक वेळा विधानाला घातलेल्या अशा मर्यादेतच दिसते.

विषय जिल्ह्यात भरपूर आहेत. औंढा तालुक्यात उभी राहणारी, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा घ्या. २०१६मध्ये केंद्राने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची ही वेधशाळा आल्याने आसपासच्या गावांतल्या मुलांचे शिक्षण बदलेल का? मुले आधी अभिमानाचा निबंध लिहितात. तो बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा, 'बदलेल हे कशावरून? कोणाचे? किती वर्षांत?' ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे, सोयाबीन की हळद, मराठी शाळा की इंग्रजी शाळा, हेही विषय चांगले आहेत. शेवटचा तर इंग्रजीच्या वर्गातच व्हायला हवा.

विरुद्ध बाजू मांडणे हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बारावीच्या जुन्या पेपरात 'काउंटर-व्ह्यू'चा प्रश्न असे. एका बाजूचे मुद्दे दिलेले असत आणि दुसरी बाजू लिहायची असे. दिलेल्या वाक्यांना नुसता 'नॉट' जोडू नका, अशी सूचनाही त्याखाली छापलेली असे. पेपर बदलला तरी ती सूचना आजही सोन्यासारखी आहे. भारतीय परंपरेत तर पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्ष मांडताच येत नसे. न्यायदर्शनात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशी अनुमानाची पाच अंगे सांगितली आहेत, तीही संस्कृत घेतलेल्या मुलांकडून वर्गात समजून घ्या. सराव असा करा. दोघांची जोडी लावा. 'अ'ने 'ब'चे म्हणणे दोन इंग्रजी वाक्यांत लिहायचे. 'ब'ने 'हो, मला हेच म्हणायचे होते' असे म्हणून सही केल्याशिवाय 'अ'ला उत्तर लिहिता येणार नाही. सही मिळवायला तीन-तीन वेळा लिहावे लागते आणि तेवढ्यात बरेच गैरसमज गळून पडतात.

भाषेबद्दल थोडक्यात. चर्चा मराठीत होऊ द्या, आराखडाही मराठीत चालेल, पण पूर्ण मराठी निबंध लिहून त्याचे भाषांतर करू देऊ नका. आपला शालेय निबंध सुविचाराने सुरू होतो आणि मूळ म्हणणे शेवटी येते. परीक्षेतला इंग्रजी निबंध म्हणणे पहिल्याच परिच्छेदात मागतो. 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड', 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स' आणि 'लास्ट बट नॉट द लीस्ट' या तीन वाक्प्रयोगांवर वर्गात बंदी घाला. मुले हसतील, पण वहीतून ते जातील. 'जरी-तरी'च्या सवयीने 'ऑल्दो'नंतर 'बट' येतो, तो हमखास खोडायचा. 'ऑलवेज' आणि 'एव्हरीबडी नोज' लिहिले असेल तिथे 'ऑफन', 'मे', 'इन मोस्ट केसेस' यांपैकी काय बसेल ते मुलालाच ठरवू द्या.

मग सगळ्यात खरी अडचण येते. वर्गात ऐंशी मुले असतील तर तपासायचे कोणी? सगळे तपासायला गेलात तर दिवाळीनंतर हा उपक्रम बंद पडेल. आठवड्याला एकच परिच्छेद, सव्वाशे शब्दांचा, आणि तपासायची एकच गोष्ट. एका आठवड्यात फक्त विधान बघा, पुढच्या आठवड्यात फक्त पुरावा. वही देण्याआधी मुलाने स्वतःच विधानाखाली रेघ मारायची आणि पुराव्याभोवती गोल करायचा. ज्याच्या वहीत गोल काढायला काहीच सापडत नाही, त्याला तुम्ही लाल शाईने सांगायची गरज उरत नाही. व्याकरणाच्या चुका वेगळ्या दिवशी, फळ्यावर, कोणाचेही नाव न घेता. आणि लेखन वर्गातच करून घ्या. घरून आलेला निबंध हल्ली मोबाइलने लिहिलेला असण्याची शक्यता धरूनच चालावे लागते. आजोबांनी सांगितलेला हळदीचा हिशेब मात्र मोबाइलकडे नसतो.

गुण कसे द्यावेत यासाठी अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाचा नमुना उपयोगी आहे. शाळेतच महाविद्यालयीन दर्जाचे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी 'एपी इंग्लिश लँग्वेज अँड कॉम्पोझिशन' ही त्यांची परीक्षा असते. तिच्या प्रत्येक निबंधाला सहा गुण असतात: विधानाला एक, पुरावा आणि त्याच्या स्पष्टीकरणाला चार आणि विचारांच्या परिपक्वतेला एक. सुंदर अक्षर आणि भारदस्त शब्द यांना वेगळा गुण नाही. हे वाटप वर्गात वाचून दाखवा, म्हणजे अवघड शब्दांची यादी पाठ करणारी मुले जरा थांबतील.

पालकांनी 'याचा उपयोग काय' असे विचारले तर उत्तर तयार असू द्या. आयईएलटीएसमध्ये चाळीस मिनिटांत किमान २५० शब्दांचा युक्तिवादात्मक निबंध लिहावा लागतो. विधी महाविद्यालयांसाठीची क्लॅट परीक्षा उताऱ्यांवर आधारलेली असते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर २५० गुणांचा असतो, आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे. या शेवटच्या दोन्ही परीक्षा मराठीतून देता येतात. विधान आणि पुरावा जोडायची सवय इंग्रजीच्या तासाला लागली तरी ती तिथे तितकीच कामी येते.

शेवटी एक विनंती. मुलांनी लिहिलेले वाचणारे फक्त तुम्हीच असलात, तर ती तुमच्यासाठीच लिहितील. सत्राच्या अखेरीस वर्गाने मिळून एक इंग्रजी पत्र तयार करावे, विषय जिल्ह्यातलाच असावा. ते इंग्रजी दैनिकाच्या संपादकांना पाठवा. त्याचाच मराठी मसुदा बाजार समिती, पंचायत समिती किंवा जिल्हाधिकारी कार्यालय यांपैकी ज्यांचा त्या विषयाशी संबंध असेल त्यांना द्या. पत्रावर तारीख, वर्ग आणि महाविद्यालयाचा पत्ता टाका आणि एक प्रत ठेवून द्या. उत्तर आले तर तेही वर्गात वाचा, आणि त्याच्या समासातही क्रियापदे लिहायला मुलांना सांगा.